बाराव्या विहिरीचा दोर

सोमवार, ता. ९ जून. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. हजर: मी (नोंद माझ्याकडे), प्रयोगशाळेतली नेहा, ड्रायव्हर भुरू भिया. गैरहजर: आमचे संचालक, मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीपुढे ठेवायला गेलेत. फोनवर, न बोलावता: सर, बडोद्याहून. विषय: सरांची अलमारी रिकामी करणे.

सर निवृत्त होऊन मुलीकडे बडोद्याला गेले, त्याला वर्ष होत आलं. जाताना त्यांनी अलमारीची किल्ली बरोबर नेली होती. चुकून नेली, असं ते सांगायचे. गेल्या आठवड्यात ती कुरियरने आली, सोबत दोन शब्दांची चिठ्ठी: "हळू उघडा." भुरू भियाने हळू उघडली नाही. आधी खडूची भुकटी त्याच्या डोक्यावर आली, मग एक छत्री, मग स्टीलचा गिलास. खालच्या कप्प्यात मागे सारून ठेवलेली एक कापडी पिशवी होती. तिच्यावरचं लेबल माझ्या अक्षरातलं होतं: "दोर क्र. १२, तुकडे सहा."

ती पिशवी मी टेबलावर ठेवली आणि बाकीच्यांना चहाला पाठवलं.

आमचं ऑफिस इंदूरचं, काम पाण्याचं. कुणाला बोरिंगची जागा दाखवायची, कुणाच्या कारखान्याचं पाणी तपासायचं, आणि अधूनमधून सातपुड्याच्या पलीकडे जाऊन कोळशाच्या खाणींचा आजूबाजूच्या विहिरींवर काय परिणाम होतो ते मोजून अहवाल द्यायचा. अहवाल सर लिहायचे. त्याला रूप मी द्यायची: अनुक्रमणिका, तक्ते, परिशिष्टं. माझे आजोबा इथल्या मिलमध्ये कारकून होते आणि घरातल्या डाळीच्या डब्यांवरही चिठ्ठ्या लावायचे. ते माझ्यात उतरलंय. ऑफिसमध्ये पंख्याच्या बटणापासून पंचिंग मशीनपर्यंत सगळ्यावर माझी लेबलं आहेत. सरांना त्यांचा त्रास व्हायचा. एकदा त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्यावर लेबल लावून ठेवलं होतं: "खोली अज्ञात."

विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते मोजायला सर पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचे. टेप खाली सोडायची, वर ओढायची, खडू जिथून ओला तिथून पाणी. आता त्यासाठी बीप करणारी यंत्रं मिळतात, आमच्याकडे दोन आहेत. सर म्हणायचे, यंत्र पाण्याला लागलं म्हणून ओरडलं की काठाच्या शेवाळाला, हे ते सांगत नाही. खडू खोटं बोलत नाही. त्यामुळे त्यांचा उजवा खिसा बाराही महिने पांढरा. अनोळखी माणसं त्यांना मास्तर समजून मुलांच्या अभ्यासाबद्दल विचारायची, आणि सर अगदी मन लावून सल्ला द्यायचे.

पाणी ते आधी चाखायचे. नमुना प्रयोगशाळेत जाण्याआधी गिलासात घोटभर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "लोह आहे." नेहाचं यंत्र दोन तासांनी तेच सांगायचं. नाही सांगितलं तर यंत्राला सर्दी झाली, असा निकाल. एकदा खाणीच्या पंपाचं पाणी चाखून ते तीन दिवस घरी झोपून होते. त्या अहवालात त्यांनी स्वतःच्या पोटाचा उल्लेख "पूरक निरीक्षण" म्हणून केला होता. तो मी काढला. त्यावर आठवडाभर ते माझ्याशी फक्त चिठ्ठ्यांनी बोलले.

सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर गेले तरी पहिला प्रश्न, बोरिंग किती फुटांवर आहे. ठेलेवाला एक दिवस वैतागून म्हणाला, "साब, आप पोहा खा लो, कुआँ कहीं नहीं जा रहा." सर प्लेट हातात घेऊन म्हणाले, "वही तो जाता है, भिया." बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या समाध्या, दाखवायला न्यायचे, पण छत्र्यांकडे पाठ करून. त्यांना दाखवायची असायची नदीकाठच्या दगडावरची जुन्या पुराची ओल. पाहुणा फोटो कुठला काढायचा या विचारात पडायचा.

त्यांची दोन वाक्यं ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. एक: "कागदावर पाणी नेहमी वरच असतं." दुसरं: "पाणी कुठे गेलं ते कुणी सांगत नाही, आणायला कोण जातं ते विचारा." दुसऱ्याचा अर्थ मला दोरांच्या प्रकरणापर्यंत कळला नव्हता.

ते प्रकरण असं. सातपुड्यापलीकडे एका खाणीला आपला खड्डा वाढवायचा होता. परवानगीसाठी जनसुनवाई, म्हणजे गावासमोरची सुनावणी, ठरली होती आणि त्याआधी आमचा अहवाल हवा होता: खाण खोल गेल्यामुळे गावच्या बारा विहिरींचं पाणी उतरलं की नाही. खाण खणताना खड्ड्यात झिरपणारं पाणी पंपांनी सतत उपसावं लागतं, त्यामुळे आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तिकडे ओढलं जातं. हे सर्वसाधारण ज्ञान झालं. पण याच गावात तसं झालं का, हे दाखवायला खाणीच्या आधीचं मोजमाप पाहिजे, आणि ते कुणी कधी घेतलंच नव्हतं. खाणीचं म्हणणं, पाऊस कमी झालाय. गावाचं म्हणणं, खाण आली आणि पाणी गेलं. अहवालात "परिणाम आढळला नाही" असं आलं असतं, तर गावाला नळाचं पाणी देण्याची जबाबदारी कुणावरच आली नसती.

सर सियागंजच्या बाजारातून नवेकोरे बारा दोर घेऊन गावात गेले आणि सहा दिवसांनी जुने बारा दोर पोत्यात भरून परत आले. पोतं माझ्या टेबलामागे ठेवलं, "हात लावू नका" इतकंही न सांगता भाचीच्या लग्नाला देवासला निघून गेले. समजावून सांगायची त्यांना सवय नव्हती. जे आपल्याला दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं, असं ते धरून चालायचे.

मला जे दिसलं ते असं: गुंतलेले, चिखलाने आणि शेवाळाने माखलेले दोर, ज्यांचा वास लिफ्टपर्यंत जात होता. आणि त्याच आठवड्यात वॉर्डातून स्वच्छतेची पाहणी होती. इंदूरमध्ये या पाहणीला काय महत्त्व आहे ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आमच्याकडे पाहुण्याने केळ्याचं साल चुकीच्या डब्यात टाकलं तर यजमान खाली मान घालतो. तरी दोर मी कचरागाडीत टाकले नाहीत, हे इथे नोंदवते. मी ते नीट केले.

आधी प्रत्येक दोराला क्रमांक दिला. सरांनी ज्याच्या त्याच्या टोकाला विहिरीच्या नावाची चिंधी बांधलेली होती, ती यादीत उतरवली. दोन सोडले तर एकही दोर अखंड नव्हता. कुठे काथ्याला पिवळा नायलॉन जोडलेला, त्याला निळा, त्याला जुन्या साडीची वेणी. गाठी अशा घट्ट की बोटं सोलली. स्वेटरची सुई आणली. दोन दिवस लागले. सगळे तुकडे साबणाच्या पाण्यात भिजवले, गच्चीवर वाळवले, एकेका दोराचे तुकडे एकेका पिशवीत भरले, आणि यादीत लांबीनुसार लिहिले, मोठा आधी, लहान शेवटी. ती माझी पद्धत आहे. बारा पिशव्या भिंतीशी ओळीने उभ्या राहिल्या तेव्हा मला खरोखर समाधान वाटलं.

सर बुधवारी आले. पिशव्यांकडे बघितलं. एक उघडून वास घेतला. मग अगदी हळू विचारलं, "गाठी कुठे आहेत?"

मी म्हटलं, "सगळ्या सोडवल्या. एकसुद्धा राहू दिली नाही."

सर खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर. नेहाने पाणी आणून दिलं ते त्यांनी न चाखता प्यायलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "क्या है ना, पाणी उतरलं की बाई काय करते? दोराला तुकडा जोडते. मतलब प्रत्येक गाठ म्हणजे पाणी एवढं खाली गेलं. पहिला तुकडा खाणीच्या आधीचा. त्या गावात तेवढंच एक मोजमाप होतं, आणि ते बायकांनी ठेवलं होतं. तुम्ही ते साबणाने धुऊन टाकलंत."

मी यादी पुढे केली. त्यांनी वाचली. कोणत्या दोरात कोणते तुकडे, हे सगळं तीत होतं. कोणता तुकडा आधी आणि कोणता नंतर, एवढं सोडून सगळं. सर म्हणाले, "मोठा ते लहान. वा." आणि यादी मला परत दिली.

जनसुनवाईला आठ दिवस होते. मी राजीनामा लिहिला, दोन प्रतींत. सरांनी त्याच्या मागच्या बाजूला गाडीत काय काय घ्यायचं ते लिहून मला परत दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे भुरू भिया, सर, मी आणि बारा पिशव्या अशी वरात निघाली. सर पुढे बसून पूर्ण रस्ताभर एकच गाणं गुणगुणत होते आणि मधेच थांबून म्हणत होते, "एकसुद्धा राहू दिली नाही." भुरू भिया आरशातून मला बघून हसायचा.

गावात चिंचेखाली बायका जमल्या. सुगनाबाई नावाची एक उंच, खणखणीत म्हातारी त्यांची पुढारी. तिची विहीर खाणीला सर्वांत जवळच्या दोन विहिरींपैकी एक. मी तिच्या पिशवीतले तुकडे जमिनीवर मांडले आणि काय घडलं ते सांगितलं. तिने एक तुकडा नाकाशी नेला आणि बाकीच्यांना म्हणाली, "देखो री, इंदौर जाके हमारी रस्सी नहा के आई है." हशा थांबेपर्यंत मी चिंचेकडे बघत राहिले.

मग ती खाली बसली. काथ्याचा तुकडा उचलून म्हणाली, हा तिच्या सासूचा. पिवळा नायलॉन मोठी सून आली त्या वर्षीचा, मांडवाचा उरलेला. खाणीचा पहिला भोंगा वाजला तेच वर्ष. निळा नातवाच्या जन्माचा, हिरवा त्याच्या जावळाच्या वर्षीचा. साडीची वेणी कधीची, ते तिला आठवेना. शेजारणीने सांगितलं की तुझ्या गाईने वासरू टाकलं तेव्हाची, घरांच्या भिंतींना खाणीच्या सुरुंगांनी तडे गेले ते वर्ष. भांडणं झाली. एकीच्या लग्नाचं साल तीनदा पुढेमागे केलं गेलं. पण तुकडा हातात आला की प्रत्येक बाईला आपला क्रम कळत होता, आणि गाठ ती स्वतः मारत होती. मी एक मारून दिली ती सुगनाबाईने लगेच सोडली. "बेटी, ये गठान बाल्टी ले डूबेगी."

संध्याकाळपर्यंत अकरा दोर पूर्वीसारखे बांधून झाले. तेव्हा मला एक सुचलं, आणि हे माझंच काम होतं. मी ते दोर खाणीपासूनच्या अंतराप्रमाणे ओळीने जमिनीवर पसरले. खाणीला जवळचा पहिला, सर्वांत लांबचा शेवटी. जवळच्यांना चार-चार, पाच-पाच गाठी. मग तीन. मग एक. शेवटचे दोन दोर अखंड काथ्याचे, त्या घरांतल्या आज्यांच्या हातचे. उतरत्या उन्हात ते एखाद्या मोडक्या फणीसारखे दिसत होते. सर ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "हा तक्ता चांगला आहे." पंधरा वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल चांगलं म्हटलेलं हे एकमेव वाक्य. तारीख माझ्या वहीत आहे.

बारावा दोर राहिला. तो इमरतीबाईचा, सुगनाबाईच्या धाकट्या जावेचा. तिची विहीर खाणीला चिकटून; गावात सगळ्यांत आधी तीच आटली. सर पहिल्यांदा गेले होते तेव्हा ती घर आवरत होती. दोर तिने आनंदाने दिला, म्हणाली, "ले जाओ, अब किसमें डालूँगी?" सरांनी तरीही तिला नवा दोर दिला. आम्ही गेलो तेव्हा तो तिच्या बंद दाराशेजारी खिळ्याला तसाच टांगलेला होता, सियागंजची चिठ्ठी न काढलेला. ती भावाकडे गेली होती, तिथून वीटभट्टीवर; कोणत्या, ते जावेला ठाऊक नव्हतं. तिच्या तुकड्यांचा क्रम गावात कुणीच खात्रीने सांगू शकलं नाही. मी म्हटलं, जाडी आणि रंग बघून मी अर्ध्या तासात लावते. सरांनी पिशवीचं तोंड बांधलं. "अंदाजाने गाठ मारायची नाही. मग खाणवाल्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?"

जनसुनवाई शाळेच्या मैदानात झाली. खाणीकडून आलेले साहेब सभ्य होते, टाय लावलेले. त्यांनी विचारलं की दोर हे मापाचं साधन कधीपासून झालं. सरांनी वाद घातला नाही. सुगनाबाईचा दोर आणि एक बादली त्यांच्या हातात दिली, आणि मैदानाला लागून असलेल्या तिच्या विहिरीकडे बोट दाखवलं. म्हणाले, "पहिल्या गाठीपर्यंत सोडा. तेवढ्यात पाणी लागलं तर अहवाल मी इथेच फाडतो."

साहेब उठले. नाही उठले असते तर बरं, पण सगळं गाव बघत होतं. पहिली गाठ हातात आली तेव्हा बादली कोरड्या भिंतीशी आपटत लटकत होती. त्यांनी दुसरी गाठ खाली जाऊ दिली, तिसरी जाऊ दिली. चौथीनंतर कुठे खालून पाण्याचा आवाज आला, आणि टाय विहिरीत जाऊ नये म्हणून त्यांनी तो दातांत धरला होता. बादली ओढून वर आणेपर्यंत त्यांना घाम फुटला. पाऊस कमी झालाय, हे त्यांनी धापा टाकत पुन्हा सांगितलं.

सुगनाबाईने शेवटचे दोन अखंड दोर उचलून त्यांच्यासमोर धरले. "साहब, ये दूर वाले कुएँ के हैं. बारिश क्या कुआँ देख-देख के कम होती है?"

सरांनी त्या बादलीतलं पाणी गिलासात घेतलं, चाखलं आणि साहेबांनाही विचारलं. ते नको म्हणाले.

अकरा दोर अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडले गेले, खरेखुरे दोर. फाइल बंद होईना म्हणून मी तिला सुतळी बांधली. परवानगीत अट लिहिली गेली की नोंद झालेल्या विहिरींच्या घरांना आधी नळ, मग खड्डा वाढवायचा. बाराव्या विहिरीपुढे लिहिलं: "नोंद अपूर्ण." ती कोरडी आहे हे उभ्या गावाला दिसत होतं. कधीपासून, कशी उतरत गेली, याचा पुरावा नव्हता, कारण तो मी धुतला होता. पुरवणी नोंद केव्हाही देता येईल, एवढी एक ओळ सरांनी भांडून घालून घेतली. आता अकरा घरी नळ आलेत. सुगनाबाई फोनवर सांगते की पाणी सकाळी एक तास येतं आणि चवीला पाइपाचं लागतं. बारावा नळ आला तर इमरती परत येईल, असंही सांगते.

चहा पिऊन सगळे परत आले तेव्हा सर अजून फोनवर होतेच.

"पिशवी मिळाली?"

"मिळाली."

"तुकडे सुटे आहेत ना?"

"तुम्ही किल्ली घेऊन गेलात, सर. मी कशा मारणार गाठी?"

"म्हणूनच नेली," ते म्हणाले. "सहा तुकडे सुटे पडलेले तुम्हाला बघवले नसते."

ते खरं आहे. माझ्या वहीत मागच्या पानावर त्या सहा तुकड्यांचा संभाव्य क्रम पेन्सिलीने लिहिलेला आहे. तो मी सरांना सांगितला नाही. त्यांनी विचारलंही नाही. फक्त एवढंच म्हणाले की त्यांचे गुडघे आता दोन जिनेसुद्धा उतरू देत नाहीत, इथे बडोद्यात बोरिंग फार खोल आहे, आणि किल्ली त्यांनी आता उगाच पाठवलेली नाही.

फोन ठेवल्यावर मी ते पान खोडरबराने पुसलं. आतापर्यंत मी फोनवरून तीन वीटभट्ट्यांवर चौकशी केली आहे: पहिलीवर इमरतीबाई नव्हती, दुसरीवर होती पण होळीनंतर गेली, तिसऱ्या भट्टीचा मुनीम फोन उचलत नाही. पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद होतात, मग माणसं कुठे जातात ते कुणी लिहून ठेवत नाही. भुरू भियाला गुरुवारी गाडी तयार ठेवायला सांगितलं आहे.

बैठक बारा वाजून पाच मिनिटांनी संपली. अलमारी रिकामी केली, पुसली. लेबल लावलेलं नाही.

बाकी काम, एक: इमरतीबाईंना शोधून पिशवी त्यांच्या हातात देणे. गाठी त्यांनी मारायच्या.